पद्माचं नको

परवा शाळा सुटल्यावर रिक्षानं घरी निघाले होते. कोल्हापूरबाहेर, आमच्या कळंब्याच्या अलीकडे रिक्षा थांबली ती थांबलीच. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता आणि त्याच्या टपावरच्या कर्ण्यातून लग्नातलं कसलं तरी गाणं इतक्या मोठ्यानं वाजत होतं, की रिक्षावाल्याला मागं वळून ओरडावं लागलं. "हंगाम सुरू झाला बगा मॅडम! आता चार म्हैनं असंच!" ट्रॉलीतून निसटलेलं उसाच्या शेंड्याचं एक वाढं रस्त्याला घासत चाललं होतं. तेवढ्यात कुठल्या तरी गुऱ्हाळाकडून उकळत्या रसाचा वास आला. गोड, कडेनं जरासा करपलेला.

या वासानं मला पूर्वी नुसता आनंद व्हायचा. मी जयसिंगपूरजवळच्या गावात वाढले. आमच्या शेताला लागूनच गुऱ्हाळ होतं. थंडी, धूर, काहिलीतली पिवळी साय, हातावर घेतलेला कोमट गूळ, सगळं त्या एका वासात असायचं. आता तो वास आला की छातीत काहीतरी हलतं आणि ते सुख आहे की दुःख, हे मला सांगता येत नाही. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. मुलांना भावनांची नावं सांगत आले. या एका भावनेला नाव सापडत नाही. कारण हा वास आता मला दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात नेऊन सोडतो, जेव्हा माझी धाकटी बहीण पद्मा आमच्या घरी राहायला होती.

पद्मा माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आता ती पंचेचाळिशीला आली. तिला बोलता येत नाही. तिची समज लहानपणापासून मंद आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. गावात लोक अजून थेट शब्द वापरतात, ते मी इथं लिहीत नाही. तिला तीन आवाज येतात. एक घशातला लांब 'उं', एक तुटक 'हँ', आणि एक हसण्यासारखा, जो ती प्रत्येक वेळी हसण्यासाठीच काढते असं नाही. या तीन आवाजांवर आमच्या आईनं, अव्वानं, त्रेचाळीस वर्षं तिच्याशी संसार केला. "तिला तहान लागलीय," अव्वा चुलीपुढून मान न वळवता सांगायची, आणि पद्मा खरंच तांब्याभर पाणी प्यायची. आम्हाला वाटायचं, अव्वाला सगळं कळतं. त्यामुळं आम्ही कुणी काही शिकायच्या भानगडीत पडलोच नाही.

श्रावणात अव्वा गेली. शेवटचं वर्षभर ती अंथरुणावरच होती. त्याच वर्षीच्या हंगामात एकदा पद्मा घरातून निघून थेट रस्त्यावर गेली होती आणि उसाच्या ट्रॅक्टरसमोर उभी राहिली होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, म्हणून वाचली. मला ते फोनवर कळलं, शाळेच्या जिन्यात. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं होतं, की गावात तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही.

अव्वाचं सगळं आवरल्यावर आम्ही घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो. मी, माझा धाकटा भाऊ भरत आणि त्याची बायको शोभा. मी म्हटलं, "पद्माला मी कोल्हापूरला नेते."

भरत खाली बघत म्हणाला, "अक्का, हितंच ऱ्हाऊ दे की तिला. तिला सवय हाय."

"कसली सवय? दिवसभर या कोपऱ्यात पोत्यावर बसायची? शेंगा फोडत? घरच्या बाईला राबवून घेता तुम्ही."

शोभानं पदर खोचला. उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मला त्या वेळी वाटलं, मी बरोबर बोलले.

दिवाळी झाल्यावर पद्मा आमच्याकडं आली. मुलगी पुण्याला नोकरीला गेल्यापासून तिची खोली मोकळीच होती. पूर्वेची खिडकी, त्यातून कळंब्याच्या तलावाकडून येणारा वारा, भिंतीवर टीव्ही. मी तिच्यासाठी चार नवे ड्रेस शिवले. सकाळी शाळेआधी तिला गरम पाण्यानं आंघोळ घालायची, केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घालायची, गजरा माळायची. रविवारी तुपातला शिरा. संध्याकाळी तलावाच्या बांधावरून फेरी. शेजारच्या बायका म्हणायच्या, "काय नशीब काढलंय हो तुमच्या बहिणीनं." मी मान हलवायची. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

पण पद्मा दिवसातून चार-पाच वेळा दाराशी जायची. 'उं' करायची. कडीला हात लावायची, मग माझ्याकडं बघायची. मी पाणी द्यायची, ती प्यायची नाही. बाथरूमकडं न्यायची, ती यायची नाही. चप्पल घालून बाहेर नेलं, तर जिन्याच्या तळाशी जाऊन परत तोच 'उं'. यजमान म्हणायचे, "तिला काय हवंय ते तिला तरी ठाऊक आहे का?" ते रागानं म्हणत नव्हते. खरंच विचारत होते. मलाही तोच प्रश्न पडायचा, आणि मग आपल्याला असा प्रश्न पडावा याचीच लाज वाटायची.

शाळेतल्या एका बाईंनी प्रज्ञाचं नाव सुचवलं. प्रज्ञा ज्यांना बोलता येत नाही अशांबरोबर काम करते. शाहूपुरीत तिची छोटी खोली आहे आणि काही ठिकाणी ती घरी जाते. चाळिशीची, ठसठशीत आवाजाची, पाठीवर सॅक अडकवून स्कूटरवरून येणारी. पहिल्या दिवशी तिनं पद्माला नमस्कार केला, मला नंतर. मग माझ्यासमोर एक छापील अर्ज ठेवला. ती म्हणाली, "यातनं त्यांचं जगणं कसं चाललंय ते कळायला मदत होती. उपचाराचं न्हाय विचारत. जगण्याचं."

मी भराभर सांगत गेले. जेवण? व्यवस्थित. झोप? चांगली. कपडे, औषधं, फिरणं? सगळं आहे. आवडते पदार्थ? शिरा. आवडता कार्यक्रम? गाण्यांचे. प्रज्ञा लिहीत होती. मग तिनं विचारलं, "दिवसातली कुठली गोष्ट त्या स्वतः ठरवतात?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे कधी उठायचं, काय घालायचं, कुठं बसायचं. कायबी. एखादी."

मी विचार करत राहिले. पद्मा शेजारीच बसली होती, मी निवडलेल्या निळ्या ड्रेसमध्ये, मी घातलेल्या वेण्यांत. मला एकही गोष्ट आठवेना. प्रज्ञानं ती ओळ कोरीच ठेवली. तिनं काही बोलायला हवं होतं, असं मला वाटलं.

मला वाटलं होतं ती चित्रं आणेल. पाणी, भाकरी, झोप, संडास. ती म्हणाली, तेही करू, पण आधी दुसरं. तिनं पद्माला तळवा पुढं करायला लावून तिच्याच हाताचा फोटो काढला, तो पत्त्याएवढा छापून प्लास्टिकमध्ये बंद केला आणि एका लवचिक दोरीनं तिच्या कमरेच्या पट्ट्याला बांधला. त्या कार्डाचा अर्थ एकच. नको.

"सुरुवात नकोपासून?" मी विचारलं. मराठीच्या बाईला ते जरा अशुभच वाटलं.

"मॅडम, तुमी सकाळपासनं किती वेळा नको म्हणालाय, मोजा की," प्रज्ञा हसली. "चहा आणि घेता का? नको. पंखा लावू का? नको. ज्याला नको म्हणता येत न्हाय, त्याच्या व्हयला काय अर्थ हाय सांगा."

मग तिनं शिकवायला घेतलं. कारल्याची भाजी पद्माच्या पुढं करायची. ती तोंड फिरवायची, बशी ढकलायची. तेवढ्यात प्रज्ञा तिचा हात हळूच त्या कार्डावर ठेवायची, "नको" असं स्वच्छ म्हणायची आणि बशी ताबडतोब उचलून न्यायची. पुन्हा दुसरं काही. पुन्हा तेच. एकदा तिनं मला दटावलं, कारण पद्माचा हात कार्डावर असताना मी म्हणाले होते, "अगं, एक घास तरी." प्रज्ञा म्हणाली, "आता तिचा शब्द खोटा पडला की मॅडम."

तीन आठवडे काहीच झालं नाही. कार्ड पद्माच्या कमरेला लोंबत राहिलं. बाहेर थंडी वाढत गेली, सकाळी तलावावर धुकं धरायला लागलं, आणि मला वाटायला लागलं की हे आपल्या समाधानासाठी चाललंय.

मग एका रविवारी मी शिऱ्याची वाटी तिच्यापुढं ठेवली. पद्मानं वाटीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि कार्डावर हात ठेवला.

मी हसले. यजमानांना हाक मारली. "अहो, बघा, कार्ड वापरलं हिनं! पण चुकून शिऱ्याला." वाटी पुन्हा पुढं केली. तिनं पुन्हा हात ठेवला. या वेळी कार्डाला नुसती शिवली नाही, ते दाबून धरलं. तिच्या बोटांची नखं पांढरी झाली होती.

शिरा तिला आवडतो, हे मला कुणी सांगितलं होतं? अव्वानं. अव्वाला कुणी सांगितलं होतं? पद्मा लहानपणापासून वाटी संपवायची, एवढंच. ती समोर ठेवलेलं सगळंच संपवायची.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला नीट लावून सांगता येत नाही. माझ्याही डोक्यात ते नीट लागलेलं नाही. गजऱ्याला नको. निळ्या ड्रेसला नको. टीव्ही लावला की नको, बंद केला की हात खाली. तलावाच्या फेरीला नको, अगदी दारात, चप्पल घातल्यावर. यजमान म्हणाले, "तिला खेळणं सापडलंय." मलाही तसंच वाटलं. म्हणून प्रज्ञानं तिच्यापुढं एकेक गोष्ट ठेवून बघितली. चहा ठेवला. पद्मा चहा प्याली. गुळाचा खडा ठेवला. तो तिनं उचलला आणि गालात धरून बसली. शेंगांचं ताट ठेवलं, तर तिनं ते मांडीवर ओढून घेतलं. पुन्हा शिरा ठेवला. नको. प्रज्ञा म्हणाली, "खेळ न्हाय हा." पण दुसऱ्या दिवशी पद्मानं पाण्याला नको केलं आणि लगेच तेच पाणी घटाघटा प्याली. मी प्रज्ञाला फोन केला. ती म्हणाली, "आपलंबी असं हुतंयच की." ते खरंच होतं. पण माझ्या गोंधळाला त्याची मदत झाली नाही. कुठलं नको खरं धरायचं?

सगळ्यात अवघड गेल्या त्या वेण्या. मी कंगवा घेतला की तिचा हात कार्डावर जायचा. एकदा, दोनदा, रोज. शेवटी मी एका शनिवारी पार्लरच्या बाईला घरी बोलावलं आणि पद्माचे केस मानेपर्यंत कापून घेतले. कापताना ती इतकी शांत बसली होती की पार्लरची बाई म्हणाली, "माझी सगळी गिऱ्हाइकं अशी असती तर!" नंतर पद्मा दोन्ही हातांनी मान चोळत राहिली, आणि तिनं तो हसण्यासारखा आवाज काढला. मी कापलेले केस कागदात गोळा करताना रडले. दुपारी जुना अल्बम काढला. वेण्या घातलेली पद्मा. माझ्या लग्नातली, भरतच्या लग्नातली, पर्युषणात बस्तीच्या देवळासमोरची. प्रत्येक फोटोत तिनं मान एकीकडं वळवलेली. आम्ही म्हणायचो, लाजते. घट्ट ओढलेल्या केसांनी माणूस मान अशीच धरतं, हे मला त्या दिवशी दिसलं. किंवा दिसलं असं वाटलं. कदाचित ती लाजतही असेल. आता कोण सांगणार?

जानेवारीच्या सुरुवातीला एका दुपारी मी शाळेतून आले, हातपाय धुतले आणि तिच्या पलंगावर तिच्या शेजारी बसले. मी बाहेर असताना शेजारच्या काकू तिच्याजवळ बसत, त्या नुकत्याच गेल्या होत्या. मी काही आणलं नव्हतं. काही पुढं केलं नव्हतं. नुसती बसले होते. पद्मानं माझ्याकडं बघितलं आणि कार्डावर हात ठेवला.

मी इकडं-तिकडं पाहिलं. टीव्ही बंद होता. पंखा बंद होता. मी विचारलं, "काय नको, पद्मा?" तिनं हात काढला नाही. डोळेही काढले नाहीत. मग मी उठून स्वयंपाकघरात गेले. दाराच्या फटीतून बघितलं. तिचे उचललेले खांदे हळूहळू खाली आले.

ओट्याला टेकून मी बराच वेळ उभी होते. मी चिडले होते, हे सांगायलाच हवं. तिच्यासाठी मी शाळेतलं पर्यवेक्षकपद नाकारलं होतं. मुलीच्या घरी पुण्याला गेले नव्हते. आणि मी नको? की आत्ता नको? की शेजारी बसणं नको? एका कार्डात एवढं सगळं मावत नव्हतं. प्रज्ञाला मी विचारलं, तेव्हा माझा आवाज भांडायला आल्यासारखा होता. ती म्हणाली, "मला न्हाय सांगता येणार मॅडम. खोटं कशाला बोलू. विचारून बघूया त्यांनाच."

विचारायचं म्हणजे फोटो दाखवायचे. आमच्या फ्लॅटचा, तिच्या खोलीसकट. गावातल्या घराचा. ते काढायला मी एका रविवारी एकटीच गावी गेले. वाटेत दोन्ही बाजूला ऊस तुटत होता, अर्धी रानं मोकळी, अर्धी उभी. सोप्यात शोभा शेंगा फोडत बसली होती, पद्माच्या पोत्यावर.

मी फोटो काढत असताना ती म्हणाली, "वन्सं, एक बोलू का? तवा बोलली न्हाय, दुखवट्याचं घर हुतं. ती शेंगा फोडायची, ते आमी सांगिटलेलं न्हवतं. ताट काढून घेतलं की वरडायची. सकाळी आपली आपण हितं यून बसायची. रस्त्यानं जाणारं येणारं समदं तिला हाक मारायचं. दूधवाला, पोरंटोरं. ती मान हलवायची. मला तिचं काय कळायचं न्हाय, अव्वांवानी. पर ती बसली असली की घर भरल्यागत वाटायचं."

"आणि ट्रॅक्टरपुढं गेली ते?"

शोभानं टरफलं झाडली. "ती आमची चूक. अव्वांचं करू का हिच्याकडं बघू. माणूस एकटं किती बघंल?"

मला तिचा राग यायला हवा होता, असं वाटलं, पण आला नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि शेंगा फोडायला लागले. थोड्या वेळानं अंगठा दुखायला लागला. हे काम पद्माला आवडत होतं, की दुसरं काही पुढं आलंच नाही म्हणून ती ते करत होती? शिऱ्यासारखंच? मी शोभाला हे विचारलं नाही.

प्रज्ञानं दोन्ही फोटो पद्मापुढं ठेवले. पाच वेगवेगळ्या दिवशी, कधी हा डावीकडं, कधी तो. चार वेळा पद्मानं गावचा फोटो उचलला. एकदा आमचा. ती एक वेळ माझ्या मनातून अजून जात नाही.

संक्रांतीला आम्ही तिला गावी घेऊन गेलो. प्रज्ञाही सोबत आली, तिला तिथलं बघायचं होतं. पद्मा गाडीतून उतरली ती पोत्याकडं गेली नाही. भरतकडंही गेली नाही. थेट आत, अव्वाच्या खोलीत. खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. ती बाहेर आली, माझ्याकडं बघून 'उं' केलं. पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर. तोच 'उं', जो ती दोन महिने कळंब्याला दाराशी करत होती. तिसऱ्यांदा ती आतून आली तेव्हा प्रज्ञानं हलक्या आवाजात विचारलं, "आई गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं?"

भरतनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं.

अव्वा गेली त्या सकाळी आम्ही पद्माला शेजारच्या घरी पाठवलं होतं. तिला काय कळणार, घाबरेल, उगाच आरडाओरडा होईल. दुसऱ्या दिवशी तिला परत आणलं तेव्हा खाट मोकळी होती. घरात माणसं येत होती, रडत होती. कुणीही तिच्यापुढं बसून, तिच्याकडं बघून, अव्वा गेली असं म्हणालं नव्हतं. मीही नाही. मी तिच्यासाठी पूर्वेची खिडकी निवडली, ड्रेस शिवले, अर्ज भरला. हे एक वाक्य माझ्याकडून राहिलं होतं.

"मी सांगू का?" प्रज्ञानं विचारलं.

"न्हाय," भरत म्हणाला. "माज्या भणीला मी सांगतो."

त्यानं भिंतीवरचा अव्वाचा चंदनाचा हार घातलेला फोटो उतरवला आणि पद्मासमोर जमिनीवर बसला. ट्रॅक्टर चालवणारा, शेतात हाक मारली तर दोन बांध पलीकडं ऐकू जाणारा माझा भाऊ इतक्या बारीक आवाजात बोलत होता की आम्हाला पुढं सरकावं लागलं. "पद्मा, ही बग अव्वा. अव्वा गेली. मेली ती. आता परत येनार न्हाय." मग तो तिला हाताला धरून नदीकडं घेऊन गेला. मागं आम्ही. काठावर जिथं अव्वाला अग्नी दिला ती जागा त्यानं दाखवली. तिथं आता काही नव्हतं. जरा काळपट माती, कडेला शेवरीची दोन झुडपं. त्यानं पुन्हा फोटो दाखवला, पुन्हा मातीकडं बोट केलं. "हितं. अव्वा हितं गेली."

पद्मा फोटोकडं बघत राहिली. मग मातीकडं. मग तिचा हात कमरेशी गेला. तिनं ते कार्ड धरलं, उचललं, दोरी ताणली जाईपर्यंत भरतच्या तोंडापुढं नेलं आणि धरून ठेवलं.

भरतचा चेहरा वेडावाकडा झाला. तो म्हणाला, "व्हय ग. आमालाबी नको हुतं."

आम्ही तिघं भावंडं अव्वा गेल्यावर पहिल्यांदाच एकत्र रडलो ते त्या दिवशी. पद्माही रडली, असं मी समजते. तिनं तो हसण्यासारखा आवाज काढला, पण डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्यानंतर पद्मा कोल्हापूरला परत आली नाही. म्हणजे ठरवून तसं झालं नाही. आधी चार दिवस, मग महिना, मग तिचे कपडे पोचवले. ती पुन्हा पोत्यावर बसायला लागली. भरतनं अंगणाला फाटक केलं आणि दिवसातून दोनदा शोभा तिला हात धरून रस्त्यापलीकडच्या गुऱ्हाळापर्यंत नेते. शोभानं ठेवून घेताना एकच अट घातली, मला ती फार आवडली. "मे म्हैन्यात पंदरा दिवस तुमी हितं यायचं वन्सं. मी माह्यारी जानार. आनि मी असताना तुमी नुसतं बगून सल्लं द्यायचं न्हाय." दोन्ही मे महिने मी गेले. शोभाच्या पाठीला काय होत असेल ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

पद्माकडं आता सोळा कार्डं आहेत. प्रज्ञा महिन्यातून एकदा जाते, शोभाला शिकवते. अव्वाच्या फोटोचंही एक कार्ड आहे, पद्मा ते अधूनमधून काढून दाखवते आणि ज्याला दाखवलं त्यानं म्हणायचं, "अव्वा गेली." ती कार्ड परत ठेवते. दारापाशी जाऊन तो 'उं' करणं मात्र थांबलेलं नाही. कमी झालं. प्रज्ञाला मी विचारलं, म्हणजे ते अव्वासाठी नव्हतं का? ती म्हणाली, "असंल, नसंल. एका आवाजाला दहा अर्थ असतील की."

हे सगळं नीट झालं, असं लोक म्हणतात. मला नक्की माहीत नाही. गावात तिच्यासाठी डॉक्टर लांब आहे. फाटक कधी उघडं राहतं. भरत-शोभा म्हातारे झाल्यावर काय, हा प्रश्न आम्ही तिघं एकमेकांपुढं काढत नाही. आणि त्रेचाळीस वर्षं आम्ही तिला जे जे प्रेमानं दिलं, त्यातलं किती तिच्यापर्यंत प्रेम म्हणून पोचलं आणि किती नुसती जबरदस्ती म्हणून, याचा हिशेब मी मनात सुरू करते आणि मध्येच सोडून देते. अव्वाला सगळं कळत होतं, ही आमची एकमेव खात्री होती. तीही आता तशी उरली नाही. शिरा अव्वाच करायची.

गेल्या रविवारी गावी गेले होते. ऊसतोड सुरू झाल्यानं घरात माणसांची वर्दळ होती. मी पद्मापासून हातभर अंतर ठेवून बसले, आता मी तसंच बसते. आम्ही दोघींनी शेंगा फोडल्या. साडेचारची एसटी गाठायची म्हणून मी उठले, पर्स घेतली, तर पद्मानं माझा पदर धरला. ओढला नाही. नुसता बोटांत धरून ठेवला आणि अंगठ्यानं काठ चाचपत राहिली.

शोभा दारातून म्हणाली, "ऱ्हावा म्हनतीया वन्सं."

"कशावरून?" मी विचारलं. "काठ आवडला असेल साडीचा."

"आता ते तिला ठावं."

मी पद्माकडं बघितलं. ती काठाकडं बघत होती. तिच्यापुढं सोळा कार्डं पसरली होती आणि त्यातल्या एकालाही तिनं हात लावला नव्हता. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, गाडी थांबली, दोन माणसं चढली, गाडी गेली. मी पर्स खाली ठेवली आणि पदर तिच्या हातात तसाच राहू देऊन परत बसले.